क्यू चार टक्क्यांनी चुकला, अर्धायुष्य बारा पटींनी

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मागून येणाऱ्यांना तो शोधत बसावं लागू नये म्हणून आधी थोडक्यात सांगतो. तुम्ही गोव्यात एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहात आणि प्रोजेक्ट अतिजड (शंभराहून जास्त प्रोटॉनांच्या) केंद्रकांच्या अल्फा क्षयावर आहे, म्हणजे केंद्रकातून दोन प्रोटॉन आणि दोन न्यूट्रॉनांचा अल्फा कण बाहेर पडण्यावर. केंद्रकाला द्रवाचा थेंब समजून बंधनऊर्जा देणारं पाठ्यपुस्तकातलं लिक्विड ड्रॉप सूत्र घेऊन (गुणांक १५.८, १८.३, ०.७१४ आणि २३.२) तुम्ही ११८ व्या मूलद्रव्याचा, ओगानेसन-२९४ चा, क्यू (क्षयात सुटणारी ऊर्जा) काढलात, तो १२.२८ एमईव्ही (दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्ट) आला. प्रयोगातला आकडा ११.८२. चारच टक्क्यांचा फरक, म्हणून खूश झालात. मग तो क्यू व्हायोला-सीबोर्ग सूत्रात (क्यूवरून अल्फा क्षयाचं अर्धायुष्य देणारं सूत्र) घातला आणि अर्धायुष्य आलं ०.०५६ मिलिसेकंद. प्रयोगात ते ०.७ च्या आसपास आहे. बारा पट कमी! प्रोग्रॅम चुकला का, सिनिअर म्हणतात तसं सूत्र बदलू का, आणि हे निस्तरलं की १२० व्या मूलद्रव्यासाठी कुठलं मास टेबल (मॉडेलने काढलेल्या वस्तुमानांचा तक्ता) घेऊ, असे तुमचे तीन प्रश्न आहेत.

प्रोग्रॅम बरोबर आहे. तुमचे आकडे मी कॅल्क्युलेटरवर करून पाहिले, तेच येतात. सूत्रही बदलू नका, निदान एवढ्यात नको. तुमची खरी अडचण अशी की एका आकड्यात दोन चुका मिसळल्या आहेत, एक क्यूची आणि एक क्षयाच्या सूत्राची. त्यांतली कुठली किती, हे वेगळं केल्याशिवाय पुढचं काहीच ठरवता येत नाही.

वेगळं करायची रीत सोपी आहे. व्हायोला-सीबोर्गमध्ये तुमच्या क्यूच्या जागी प्रयोगात मोजलेला क्यू घाला. १९८९ चे सुधारलेले गुणांक तुम्ही वापरलेच आहेत: १.६६१७५, उणे ८.५१६६, उणे ०.२०२२८, उणे ३३.९०६९. ओगानेसनचा झेड (प्रोटॉनांची संख्या) ११८, म्हणजे पहिला कंस (पहिला गुणांक गुणिले झेड, अधिक दुसरा) होतो १८७.५७. त्याला ११.८२ च्या वर्गमुळाने, म्हणजे ३.४३८ ने भागा, ५४.५६ येतात. बाकीचे दोन भाग (तिसरा गुणांक गुणिले झेड, आणि चौथा) मिळून उणे ५७.७८. बेरीज उणे ३.२२, हा सेकंदांतल्या अर्धायुष्याचा दहाच्या आधाराचा लॉग, म्हणजे अर्धायुष्य ०.६ मिलिसेकंद. प्रयोगातलं ०.७. सूत्राकडून याहून जास्त अपेक्षा ठेवणं हा त्याच्यावर अन्याय आहे. तुमची बारा पटींची चूक जवळजवळ सगळी क्यूमधून आली.

आता चार टक्क्यांचे बारा पट कसे झाले ते पाहू. अल्फा कण केंद्रकाच्या आत आहे, बाहेर पडायला त्याला कूलॉम्बची, म्हणजे विद्युत अपकर्षणाची, भिंत आडवी. ओगानेसनच्या बाबतीत अल्फा आणि उरलेलं केंद्रक या दोन गोलांचे पृष्ठभाग एकमेकांना टेकतात ते अंतर साधारण ९.८ फेमटोमीटर. ११.८२ एमईव्हीचा अल्फा त्या भिंतीतून मोकळा होतो २८ फेमटोमीटरवर. (दोन गुणिले ११६ गुणिले १.४४, भागिले क्यू. हे हाताने करा, एकदा केलं की विसरत नाही.) मधल्या अठरा फेमटोमीटरमध्ये त्याला असायचा अधिकारच नाही. तो तिथून जातो तो टनेलिंगने, म्हणजे पुरेशी ऊर्जा नसताना भिंतीतून पार होण्याच्या क्वांटम परिणामाने. १९२८ साली गॅमोने, आणि स्वतंत्रपणे गर्नी आणि कॉन्डनने, हेच दाखवलं. गायगर आणि नटॉल यांना १९११ साली आकड्यांत जी सरळ रेषा दिसली होती, तिचं कारण त्यातून मिळालं. पार होण्याची शक्यता घातांकात बसलेली असते. क्यू थोडा वाढला की भिंत वरून बुटकी होते आणि बाहेरून अरुंदही होते, आणि दोन्ही गोष्टी त्या घातांकातच जातात.

ओगानेसनजवळ हिशेब केला तर दर एक एमईव्हीला लॉगमध्ये २.३ चा फरक पडतो. म्हणजे ०.१ एमईव्ही चुकला तर अर्धायुष्य १.७ पट, अर्धा चुकला तर तेरा-चौदा पट, एक चुकला तर दोनशे पट. हा २.३ आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. माझ्या विद्यार्थ्यांना मी तो तोंडपाठ करायला लावतो, आणि ते कंटाळतात. क्यू कमी असतो तिथे हा आकडा आणखी वाईट होतो. पोलोनियमजवळ, क्यू साडेपाचच्या आसपास असताना, तो पाचच्या वर जातो. म्हणून "माझा क्यू चार टक्क्यांत बरोबर आहे" या वाक्याला अल्फा क्षयात काही अर्थ नाही. टक्के विसरा. किलोइलेक्ट्रॉनव्होल्टमध्ये बोला.

आता क्यूकडे. क्यू म्हणजे जनकाचं (क्षय पावणाऱ्या केंद्रकाचं) वस्तुमान वजा जन्यकाचं (मागे उरणाऱ्याचं) वस्तुमान वजा अल्फाचं वस्तुमान. ओगानेसन-२९४ चं वस्तुमान ऊर्जेत सांगायचं तर सुमारे दोन लाख चौऱ्याहत्तर हजार एमईव्ही, आणि त्यातून आपल्याला हवेत ते बारा. मी डिचोलीच्या खाणपट्ट्यात वाढलो, त्यामुळे मला हे नेहमी काट्यावरच्या ट्रकसारखं वाटतं. खाणबंदी येण्याआधीच्या काळात खाणीवरून निघालेला ट्रक आधी काट्यावर चढायचा. भरलेल्याचं वजन वजा रिकाम्याचं वजन म्हणजे आतला माल. काटा दोनशे किलो जास्त दाखवत असेल, पण दोन्ही वेळा तेवढाच जास्त दाखवत असेल, तर मालाचं वजन बरोबरच येतं. भरलेला ट्रक खाणीवरच्या काट्यावर आणि रिकामा जेटीवरच्या काट्यावर तोलला की भांडणं सुरू.

मास मॉडेलचंही तसंच आहे. जनक आणि जन्यक दोघांचं वस्तुमान एकाच मॉडेलमधून घ्या. जन्यकाचा मोजलेला आकडा मिळतोय म्हणून तो घ्यायचा आणि जनकाचा मॉडेलमधून, असं केलेले प्रोजेक्ट मी पाहिले आहेत. करणाऱ्याला वाटतं आपण अर्धा तरी खरा डेटा वापरला. प्रत्यक्षात त्याने मॉडेलची अख्खी चूक क्यूमध्ये आणून ओतलेली असते. मॉडेलची वस्तुमानातली आरएमएस चूक (चुकांच्या वर्गांच्या सरासरीचं वर्गमूळ) जशीच्या तशी क्यूची चूक म्हणून लिहिणं हेही चूकच. शेजारच्या केंद्रकांच्या चुका बहुतेक एकाच दिशेच्या असतात आणि वजाबाकीत बऱ्याचशा कटतात. किती कटतात ते मॉडेल सांगत नाही, ते तुम्हाला माहीत असलेल्या क्यूंवर स्वतः मोजावं लागतं. अर्ध्या दिवसाचं काम आहे, आणि अहवालात त्यालाच सगळ्यात जास्त किंमत असते.

तुमच्या लिक्विड ड्रॉपचा काटा कसा वागतो? मी एक गंमत केली. तीन वेगवेगळ्या पाठ्यपुस्तकी संचांनी ओगानेसनचा क्यू काढला. तुमच्या संचाने १२.२८. दुसऱ्या एका प्रचलित संचाने (१५.७५, १७.८, ०.७११, २३.७) १२.०२. तिसऱ्याने (१५.५, १६.८, ०.७२, २३) १३.२७. अर्धायुष्यं अनुक्रमे ०.०५६ मिलिसेकंद, ०.२१ मिलिसेकंद आणि अर्धा मायक्रोसेकंद. लायब्ररीच्या कपाटातून कुठलं पुस्तक हाताला लागलं यावर चारशे पटींचा फरक! तिन्ही संच बंधनऊर्जेच्या आलेखावर छान बसतात आणि परीक्षेत तिन्हींना पूर्ण गुण मिळतात. हे गुणांक हलक्या-मध्यम केंद्रकांसकट सगळ्यांवर सरासरीने बसवलेले असतात. कूलॉम्बच्या गुणांकातला ०.००६ चा फरक झेड ११८ ला कुठल्या कुठे जातो.

पण त्याहून मोठं दुखणं गुणांकांत नाहीच. ते पाहायला ओगानेसन सोडून पोलोनियमकडे या. तुमच्याच संचाने पोलोनियम-२१० आणि पोलोनियम-२१२ यांचा क्यू काढा. मला आले ४.०७ आणि ३.६९. मोजलेले आहेत ५.४१ आणि ८.९५. दुसऱ्यात पाच एमईव्हीहून जास्त चूक, आणि क्रमसुद्धा उलटा: सूत्र म्हणतं २१२ जास्त टिकाऊ. प्रत्यक्षात पोलोनियम-२१० चं अर्धायुष्य १३८ दिवस आणि २१२ चं ०.३ मायक्रोसेकंद. फक्त दोन न्यूट्रॉन जास्त!

कारण शेल, म्हणजे केंद्रकातल्या कणांच्या ऊर्जा-पातळ्यांचे गट. पोलोनियम-२१० मध्ये न्यूट्रॉन १२६, भरलेला शेल. २१२ मध्ये त्यावर दोन न्यूट्रॉन आणि दोन प्रोटॉन, आणि ते चौघे अल्फा होऊन निघाले की मागे उरतं शिसं-२०८, दोन्ही बाजूंनी मॅजिक (प्रोटॉनांचे आणि न्यूट्रॉनांचे, दोन्ही शेल पूर्ण भरलेले), असाधारण घट्ट. ती सगळी मिळकत अल्फाच्या पदरात पडते. लिक्विड ड्रॉपला शेल हा शब्दच माहीत नाही. त्याच्या दृष्टीने केंद्रक म्हणजे गुळगुळीत थेंब.

मग ओगानेसनला तुमचा आकडा अर्ध्या एमईव्हीत कसा आला? योगायोग आणि वजाबाकी. ओगानेसन-२९४ आणि त्याचा जन्यक लिव्हरमोरियम-२९० दोघांनाही शेलची मदत आहे आणि ती साधारण सारखी आहे, म्हणून काट्याची चूक कटली. दोघांच्या मधून मोठा शेल जात असता तर पोलोनियमसारखी फजिती झाली असती. म्हणून प्रोजेक्टमध्ये पोलोनियमचा तक्ता घालाच. परीक्षकाने "लिक्विड ड्रॉप का सोडलं?" विचारलं तर बोट ठेवायला जागा होईल.

एवढ्यावर थांबून मागे वळून बघू. सूत्र ठीक आहे, कारण मोजलेला क्यू घातला की ते जुळतं. क्यूची चूक दर ०.१ एमईव्हीला १.७ पटींनी फुगते. आणि क्यू चांगला हवा असेल तर शेल हवेत. आता शेल आणायचे कसे.

रूढ रस्ता मॅक्रो-मायक्रोचा. गुळगुळीत भाग थेंबाचा, त्यावर शेल करेक्शन. हे करेक्शन काढायची रीत स्ट्रुटिन्स्कीने १९६७ च्या सुमारास दिली: विरूप (गोल न राहिलेल्या) केंद्रकाच्या विभवात एकेका कणाच्या पातळ्या काढायच्या, मग त्याच पातळ्या पसरून गुळगुळीत करायच्या, आणि दोन्ही बेरजांमधला फरक घ्यायचा. पातळ्यांत मोठी फट असेल तिथे फरक ऋण येतो आणि केंद्रक घट्ट होतं. अतिजड भागात हे करेक्शन कित्येक एमईव्हींचं असतं, आणि तिथे ते नुसतं करेक्शन राहत नाही. झेड १०४ च्या पुढे थेंबाची विखंडन-भिंत (केंद्रकाला दुभंगण्यापासून अडवणारी) जवळपास शून्यावर येते. थेंबाच्या हिशेबाने ही केंद्रकं असायलाच नकोत. ती आहेत ती फक्त शेलमुळे. तुम्ही ज्याला दुरुस्ती म्हणता त्यावरच तुमचा विषय उभा आहे.

मोलर आणि सहकाऱ्यांचं एफआरडीएम हे मास मॉडेल याच जातीचं. १९९५ च्या आवृत्तीत आरएमएस चूक ०.६७ एमईव्ही होती, २०१६ ला छापलेल्या आवृत्तीत ०.५६. चीनमधल्या गटाचं डब्ल्यूएस४ हेही याच जातीचं, २०१४ चं, त्याची चूक ०.३० च्या आसपास. दुसरा रस्ता स्कर्म बलावर (केंद्रकातल्या कणांमधल्या बलाचं एक सोपं गणिती रूप) आधारलेल्या एचएफबी (हार्ट्री-फॉक-बोगोलियुबोव्ह) मास टेबलांचा. त्यांत थेंब आणि शेल असे दोन तुकडे नसतात, सगळं एकाच ऊर्जा-फलनातून येतं, आणि चांगल्या आवृत्त्या अर्ध्या एमईव्हीजवळ पोचतात. तुम्हाला यांतलं काही स्वतः चालवायची गरज नाही. टेबलं मिळतात, डाउनलोड करा. प्रोजेक्टच्या सहा महिन्यांत स्वतःचा स्ट्रुटिन्स्की कोड लिहायचा हट्ट धरू नका. मी धरला होता आणि पूर्ण पावसाळा त्यात गेला.

कुठलं टेबल घ्यायचं? इथे परिस्थितीवर अवलंबून आहे असंच सांगावं लागेल. माहीत असलेल्या भागात डब्ल्यूएस४ ची चूक सगळ्यात कमी, हे खरं. पण माहीत असलेल्या केंद्रकांवर बसवलेलं मॉडेल माहीत नसलेल्यांवर तसंच बसेल याची हमी त्या ०.३० मध्ये नाही. हल्ली मशिन लर्निंगने उरलेली चूक शिकवून ती आणखी खाली आणतात. डेटाच्या आत ते सुंदर चालतं. डेटाच्या कडेपासून सात-आठ केंद्रकं दूर गेलात की ते काय शिकलंय ते तुम्हालाही कळत नाही आणि त्यालाही. माझं मत जुन्या वळणाचं आहे, पण एम.एस्सी.च्या प्रोजेक्टमध्ये एक चांगलं टेबल चमकवण्यापेक्षा तीन वेगळ्या जातींची टेबलं शेजारी ठेवणं मला जास्त पटतं.

टेबलं घेताना एका जागी पाय घसरतो, आणि माझा घसरला होता, म्हणून सविस्तर सांगतो. वस्तुमानांचं जागतिक संकलन, एएमई२०२०, तुम्ही उघडलं असेलच. त्यात काही आकड्यांमध्ये दशांश चिन्हाच्या जागी हॅश असतो. तो छापखान्याचा दोष नव्हे. त्याचा अर्थ: हा आकडा मोजलेला नाही, शेजाऱ्यांच्या कलावरून अंदाजाने काढलेला आहे. अतिजड भागात पानंच्या पानं हॅशची आहेत. अनेक वर्षांपूर्वी मी एका लेखात माझ्या मॉडेलचे गुणांक त्या संकलनाच्या जुन्या आवृत्तीवर बसवले, हॅशसकट, आणि मग त्याच भागातल्या क्यूंवर तपासून छाती फुगवली. फाइल वाचणाऱ्या माझ्या प्रोग्रॅमने हॅशचा गुपचूप टिंब करून टाकला होता. परीक्षकाचं पत्र चार ओळींचं होतं. तुम्ही अंदाजावर अंदाज बसवून अंदाजाशी तुलना केली आहे, असा त्याचा अर्थ. छापलेली पानं घेऊन बसलो आणि लाल पेन्सिलीने एकेका हॅशला गोल करत गेलो. शेवटच्या पानावर गोलांखेरीज काही उरलं नाही.

हे असं का आहे ते समजून घ्या. इतक्या जड केंद्रकाचं वस्तुमान थेट तोलणं फार अवघड आहे. डुब्नियम-२५७ चं थेट मोजमाप जपानमधल्या रिकेनमध्ये झालं, ते २०२१ मध्ये प्रसिद्ध झालं. त्याच्या पुढे आपण अल्फाच्या साखळीने चढत जातो: खालच्याचं वस्तुमान माहीत, त्यात क्यू मिळवला की वरच्याचं. पण ओगानेसन-२९४ ची साखळी बघा. लिव्हरमोरियम-२९०, मग फ्लेरोव्हियम-२८६, मग कोपर्निशियम-२८२, आणि ते आपोआप दुभंगतं. साखळी खाली कुठल्याही ओळखीच्या केंद्रकाला टेकत नाही, हवेत लोंबकळते. तिच्यातले क्यू आपल्याला दशांशाच्या दुसऱ्या स्थळापर्यंत माहीत आहेत, पण एकाचंही वस्तुमान मोजलेलं नाही. म्हणून या भागात तुलना वस्तुमानांची करूच नका. क्यूंची करा.

आणखी एक खड्डा जवळच आहे. लेखांत जी अल्फाची ऊर्जा छापतात ती क्यू नव्हे. ओगानेसनसाठी मोजलेली अल्फा ऊर्जा ११.६६. अल्फा सुटतो तेव्हा मागचं केंद्रकही धक्का खाऊन थोडी ऊर्जा नेतं, म्हणून २९४ भागिले २९० ने गुणायचं, मग ११.८२ होतात. तुम्ही ते केलेलं दिसतंय, पण तुमच्या वर्गातल्या कुणाचं अर्धायुष्य १.४ मिलिसेकंद येत असेल तर तो इथे अडकलाय. इलेक्ट्रॉनांच्या आवरणाची दुरुस्ती याहून बारीक, झेड ११८ ला ०.०५ एमईव्हीच्या आसपास. घ्यायची तर सगळ्यांसाठी घ्या, नाहीतर कुणासाठीच नको. सूत्राचे गुणांक ज्या पद्धतीच्या क्यूवर बसवलेत, तीच पद्धत पाळायची.

विषम केंद्रकांबद्दल थोडंच. सम-सम (प्रोटॉन आणि न्यूट्रॉन दोन्ही सम) सोडून बाहेर गेलात की व्हायोला-सीबोर्गमध्ये एक जादा पद येतं: विषम झेडला ०.७७२, विषम एनला (न्यूट्रॉनांच्या संख्येला) १.०६६, दोन्ही विषम असतील तर १.११४. म्हणजे सहा ते तेरा पट उशीर. पण ही सरासरी आहे. विषम केंद्रकातला एकटा कण ज्या पातळीवर बसलेला असतो, तीच पातळी जन्यकात वर उचललेली असू शकते. मग अल्फा तळाच्या स्थितीत न जाता वरच्या स्थितीत जातो, आणि मोजलेली ऊर्जा खऱ्या क्यूपेक्षा कमी येते. रिकेनमध्ये निहोनियम-२७८ च्या २००४ ते २०१२ या काळात मिळून तीनच घटना दिसल्या. तीन घटनांवरून कुठली पातळी ते कोण सांगणार? प्रोजेक्टसाठी सम-समवरच राहा.

याला लागूनच प्रयोगाच्या आकड्यांबद्दल. "प्रयोगातलं अर्धायुष्य" हे शब्द वाचले की आपण ते दगडावरची रेघ समजतो. ओगानेसनच्या घटना हाताच्या बोटांवर मोजता येतात. जिथे एकच घटना दिसली तिथे खरं आयुष्य त्या एका आकड्याच्या निम्म्यापासून जवळजवळ सहा पटींपर्यंत कुठेही असू शकतं, तेही अडुसष्ट टक्के खात्रीने. दोन पटींच्या फरकासाठी सूत्राचे गुणांक ढवळू नका. शिवाय फ्लेरोव्हियम-२८६ सारखी केंद्रकं निम्म्याच्या आसपास वेळा दुभंगतात. त्यांचं एकूण अर्धायुष्य सेकंदाचा दहावा भाग, आणि तुमचं सूत्र देतं फक्त अल्फाचं, ०.१९ सेकंद. सूत्र दुप्पट चुकलं असं लिहू नका. अल्फाचा वाटा वेगळा काढा, आकडे जुळतात.

आता १२० वं मूलद्रव्य, ज्यासाठी हा सगळा खटाटोप. ते अजून कुणीही बनवलेलं नाही. कॅल्शियम-४८ चा मारा करून ओगानेसनपर्यंत पोचता आलं. पुढे लक्ष्यासाठी आइन्स्टाइनियम किंवा फर्मियम पुरेसं मिळत नाही, म्हणून टायटॅनियम, व्हॅनेडियम, क्रोमियमचे झोत वापरावे लागतात. २०२४ मध्ये बर्कलीला टायटॅनियम-५० ने लिव्हरमोरियमचे दोन अणू बनवून त्या वाटेची चाचणी झाली. आणि नेमकं इथेच मॉडेलांचं आपसांत पटत नाही. मॅक्रो-मायक्रो म्हणतं पुढचा प्रोटॉन शेल ११४ ला, न्यूट्रॉन १८४ ला. बरीचशी स्कर्म मॉडेलं म्हणतात १२४ किंवा १२६. सापेक्षतावादी मीन-फील्ड ही मॉडेलांची तिसरी जात म्हणते १२०, आणि न्यूट्रॉन १७२. तुम्ही विचारताय त्याच झेडवर शेल आहे की नाही यावर वाद आहे. साहजिकच क्यूंचे आकडे एक एमईव्हीहून जास्त फाकतात.

समजा एका टेबलाने झेड १२० ला क्यू १२.५ दिला आणि दुसऱ्याने १३.५. सूत्रात घाला: ६५ मायक्रोसेकंद आणि ०.६ मायक्रोसेकंद. हा फरक कागदावरचा नाही. केंद्रक लक्ष्यातून निसटून सेपरेटरमधून (नको असलेले कण वेगळे करणाऱ्या यंत्रातून) डिटेक्टरपर्यंत जायला साधारण एक मायक्रोसेकंद घेतं. पहिल्या आकड्यात ते सुखरूप पोचून मग क्षय पावतं, दुसऱ्यात बहुतेकदा वाटेतच संपतं आणि डिटेक्टरला काही झालं होतं याचा पत्ताही लागत नाही. महिनोन् महिने झोत चालवून हाती शून्य आलं तर केंद्रक बनलंच नाही की बनून वाटेत मेलं, हे ठरवणाऱ्याला तुमच्या या तक्त्याची गरज असते. म्हणून १२० साठी एक आकडा देऊ नका, पट्टा द्या. प्रत्येक टेबलाचा क्यू, त्यातून येणारं अर्धायुष्य, आणि त्या टेबलाची ओळखीच्या साखळ्यांवर तुम्ही स्वतः मोजलेली क्यूची चूक. परीक्षक विचारेल "उत्तर कुठलं?" तेव्हा पट्टा दाखवा.

एक आलेख मात्र नक्की काढा. आडव्या अक्षावर न्यूट्रॉन, उभ्यावर क्यू, प्रत्येक झेडची एक रेघ, मोजलेले बिंदू भरीव आणि टेबलांचे पोकळ. १५२ आणि १६२ न्यूट्रॉनांपाशी रेघेला बाक दिसेल. ते विरूप केंद्रकांचे शेल आहेत, हॅसियम-२७० तिथेच बसतं. तुमच्या टेबलाला तो बाक दिसत नसेल तर १८४ बद्दल त्याचं काय ऐकायचं? असा आलेख काढल्यावर दोनदा माझ्या विद्यार्थ्यांनी टेबल बदललं आहे, मी न सांगता.

सुरुवात मात्र १२० पासून करू नका. आज रात्री फक्त लिव्हरमोरियम-२९० करा: झेड ११६, क्यू ११.००, तुमचंच सूत्र. १५ मिलिसेकंद यायला हवेत, प्रयोगात आठच्या आसपास आहेत. १६० च्या पुढचा आकडा आला तर शेवटच्या ओळीत दहाचा घात घेण्याऐवजी ई चा घात घेतलेला असणार. तो बदला, मग फ्लेरोव्हियमकडे जा.